काचेचं कौल

गुहागर,
२१ जुलै

प्रिय बंड्या,

मार्चमध्ये तुझा फोन आला तेव्हा 'संध्याकाळी करतो' म्हणालो होतो, ती संध्याकाळ आज उगवली. शिव्या नंतर दे. फोनवर हे मला बोलता येणार नाही म्हणून लिहायला बसलोय. आई बरी आहे, माझी शुगर आहे तिथेच आहे.

पक्याने पुण्याला जाताना त्याचा इग्वाना, म्हणजे तो मोठा परदेशी सरडा, माझ्या गळ्यात मारला, हे तुला एव्हाना कळलंच असेल. 'काका, पालाच तर खातो, गाईसारखा,' म्हणाला. गाय शेपटीने माशा हाकलते, हा माणसं हाकलतो. पहिल्याच आठवड्यात माझ्या पोटरीवर वीतभर वळ उठला. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेतीन फूट आहे आणि अजून वाढायचाय. नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो म्हणे, म्हणजे आमच्यात आधी कोण जातो ते बघायचं. आई त्याला 'तात्या' म्हणते. दिवसभर अर्धे डोळे मिटून बसतो आणि जेवणाच्या वेळेला बरोबर हलतो. कुठल्या तात्यांवरून, ते तुला सांगायला नको.

हा तात्या शिंकला की काचेवर पांढरे ठिपके पडतात. आईने सर्दी समजून वेखंड उगाळलं! मग पक्याने फोनवर सांगितलं, अंगातलं जास्तीचं मीठ ही जात नाकावाटे टाकते.

आता मूळ गोष्ट. पक्याने पिंजऱ्यात एक वेगळी ट्यूब लावली होती, ती जानेवारीत गेली. मी बाजारातली साधी आणून लावली. उजेड तो उजेड, असं माझं डोकं. शिवाय माजघरात काचेचं कौल आहेच, ज्याच्याखाली तू गणिताची वही धरून माझं बघून लिहायचास. (नाही म्हणू नकोस.) तात्या दिवसभर त्या कवडशात पसरायचा, कवडसा सरकला की तोही वीतभर सरकायचा. आम्हाला वाटायचं, काय छान ऊन खातोय.

गेल्या सोमवारी शेवग्याचा पाला घालताना पाहिलं, मागच्या पायाची बोटं थरथरत होती. बारीक, तार छेडल्यासारखी. इथल्या गुरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, 'मला यातलं कळत नाही,' आणि ओळखीच्या एका डॉक्टरला पुण्याला व्हिडिओ पाठवला. तिकडून निरोप आला, जबडा दोन बोटांत धरून बघा. बंड्या, तो दबला रे. ओल्या पुठ्ठ्यासारखा.

हाडं मऊ झालीत. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, ते याच्या कातडीत उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होतं, आणि काच नेमके तेवढेच किरण अडवते. ऊब येते, उजेड येतो, जे हवं ते बाहेर राहतं. त्यात मी कौतुकाने बाजारचा पालक घालत होतो. अळूने घशाला खाज येते ना, त्याच जातीचं द्रव्य पालकात असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणजे दोन्हीकडून माझीच करणी.

पण हे तुलाच का लिहितोय? ती थरथर मी आधी एकदा पाहिली आहे.

१९८४ चा आषाढ. आपली घोरपड. इतकी वर्षं मी तुला सांगत आलो की डब्याचं झाकण तू उघडं टाकलंस म्हणून ती पळाली. ती पळाली नव्हती. सहाव्या दिवशी पहाटे माळ्यावर गेलो तर रॉकेलच्या डब्यात गार होऊन पडली होती, एक पाय तेवढा थरथरत होता. शाळेला निघेपर्यंत तोही थांबला. पोट टम्म. तू आणलेल्या कुर्ल्या तिने खाल्ल्या होत्या. मला वाटलं तुझ्या खाण्यानेच मेली, आणि तुला तसं सांगायचा धीर होईना, म्हणून फणसाखाली पुरली आणि झाकणाचं तुझ्यावर ढकललं. नंतर आठ दिवस तू तिला शोधत सड्यावर फिरलास. मीही तुझ्याबरोबर फिरलो. प्रत्येक कातळाखाली वाकून बघत होतो!

पुण्याचे डॉक्टर परवा म्हणाले, यांना स्वतःची ऊब नसते, अंग तापलं नाही तर खाल्लेलं पचत नाही. तात्याच्या बसायच्या जागी ३५ अंश हवेत. मी थर्मामीटर ठेवला तर २६. तेव्हा त्या माळ्यावर, त्या पावसात, किती असतील? कुर्ल्यांचा दोष नव्हता. डबाच चुकीचा होता, आणि तो माझा होता. घोरपड धरू नये हा कायदा १९७२ चा, पण आपल्या वाडीपर्यंत तेव्हा पोचला नव्हता. पोचला असता तर बरं झालं असतं.

काल साडेअकराला सर थांबून दहा मिनिटं ऊन पडलं. तात्याला टॉवेलात गुंडाळून खळ्यात नेलं. वरून हात नेला की दचकतो, डोक्यावर उजेड-सावली ओळखणारा एक ठिपका आहे, त्याला मी घार वाटतो. म्हणून बाजूने धरायचा. आई छत्री मिटून जय्यत तयार. त्याने अंग चपटं करून पसरलं आणि लगेच ढग आला. कॅल्शियमचे थेंब चालू आहेत. आज जास्वंदीची दोन फुलं खाल्ली.

मनूचं ठरलं, फार बरं वाटलं. तारीख आंब्याच्या मोसमात धरू नका. गुडघ्याचं ऑपरेशन उगाच लांबवू नकोस.

आणि एक काम कर. ठाण्यात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची दोन फुटी यूव्हीबी ट्यूब, म्हणजे तीच अतिनील किरणांची, मिळते का बघ. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, नुसती निळी दिसते म्हणून घेऊ नकोस. गुहागर गाडीच्या पार्सलला टाक, मी स्टँडवर थांबतो. चांगली चार वर्तमानपत्रं गुंडाळ. तू पाठवलेल्या कपबशांचं काय झालं होतं ते मी विसरलेलो नाही.

तुझा,
सुध्या