मधुमेहींचा बीपी उभं करूनही मोजा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. मधुमेहात डोळे, किडनी आणि पाय तपासून घ्यावेत, हे आता आशाताईसुद्धा घरोघरी सांगतात. पण हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, पचन, लघवी आपोआप सांभाळणाऱ्या नसाही साखरेने खराब होतात, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. या नसा गेल्या की हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. साखर उतरली तरी घाम नाही, थरथर नाही. माणूस एकदम बेशुद्ध पडतो.

पेशंट सांगतात ते असं: "उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते", "दोन घासांत पोट भरतं". मग अशक्तपणा म्हणून सलाईन लागतं.

परवा एक काकू आल्या, जुना मधुमेह, न्हाणीत पडून मनगट मोडलेलं. बसून घेतलेला बीपी जास्त, म्हणून कुठेतरी गोळी वाढवून दिलेली. मी पाच मिनिटं झोपवून मोजला: १५८/८८. उभं करून तिसऱ्या मिनिटाला: ११२/६८. नाडी जेमतेम चार ठोक्यांनी वाढली. नुसतं अंगातलं पाणी कमी झालं असतं, तर ती धावली असती. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तरी या नसा खराब झाल्याची शंका घ्यायलाच हवी. इथे तर ४६ ने उतरला होता.

एडिंबरोच्या डॉ. ईविंग यांनी १९७० च्या दशकातच या नसांच्या साध्या तपासण्या बसवल्या. एक तर ग्रामीण रुग्णालयातल्या ईसीजी मशीनवरही होते: मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावायचा आणि ठोके किती कमी-जास्त होतात ते मोजायचं. फरक दहाच्या आत असेल तर वय लक्षात घेऊन पुढे तपासायचं.

साहेब, माझं मागणं खर्चाचं नाही. आरोग्य मंदिरातल्या मधुमेहाच्या कार्डावर 'झोपून बीपी' आणि 'उभं राहून बीपी' असे दोन रकाने छापा. टाइप २ मध्ये निदान झाल्यापासून आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, दरवर्षी एकदा ते भरले जावेत. आणि उभ्याने बीपी पाहिल्याशिवाय मधुमेहीची बीपीची गोळी वाढवू नये, एवढं परिपत्रक तरी लगेच निघावं.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर