शॉकअपवर ‘मेला’ असं लिहून ठेवणाऱ्या ओपांना

आदरणीय ओपा,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्ही ते वाचणार नाही हे उघड आहे. आधी जर्मनमध्येच लिहायला बसलो होतो. तिसऱ्या ओळीलाच ते घरमालकाला द्यायच्या अर्जासारखं वाटायला लागलं, फाडून टाकलं. ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, तेवढं तुमच्यापर्यंत पोचलंय. उरलेलं मी माझ्या माणसांना सांगतो. आणि ‘ओपा’ म्हणजे तुमच्याकडे आजोबा. शेजारचं पोरगं कुंपणावरून तुम्हाला तशी हाक मारत होतं, मी तीच उचलली. तुमचं नाव इथे लिहिणार नाही. तुम्हाला आवडणार नाही ते.

तुमच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा माझा चेहरा वैतागलेला होता. सात महिन्यांचा वैताग होता तो. माझी गाडी १९८७ ची, बीएमडब्ल्यू ३२५आय, जिला सगळे ई-३० म्हणतात. आधीच्या मालकाने तिला त्या काळच्या आखूड स्पोर्ट स्प्रिंगा घातलेल्या. या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. स्प्रिंग नुसती आपल्या खोबणीत बसलेली असते. चाक किती खाली लोंबायचं ते शॉकअपची लांबी ठरवते. माझ्या गाडीत स्प्रिंग आखूड आणि शॉकअप मूळचे, लांब. ट्यूफच्या, म्हणजे इथल्या गाडी-तपासणीच्या, तपासनिसाने गाडी वर उचलली, चाक लोंबलं, आणि त्याने ती स्प्रिंग दोन बोटांनी गोल फिरवून दाखवली. बोलला काहीच नाही. कागदावर फुली मारली.

तर मला हवे होते त्याच काळातले, बिल्श्टाइन कंपनीचे आखूड शॉकअप. नवे मिळतात, मान्य. ‘नवे घे की बाबा’ असं बायकोपासून ऑफिसातल्या सगळ्यांनी सांगून झालं. पण गाडी तीस वर्षं ओलांडलेली, ऐतिहासिक गाड्यांची ‘एच’ अक्षराची पाटी मिळवायची होती, आणि तिथे बदल केलेले असले तरी ते त्या काळाला शोभणारे लागतात. शिवाय हट्ट म्हणूनही काही असतं.

पहिली जोडी एका गृहस्थाकडून मागवली. ‘कधीच न वापरलेले, गोदामात पडून होते.’ खोक्यातून निघाले ते हळदीसारखे पिवळेधमक. टेबलावर उभा करून दांडा दाबला, तर तो खालीच बसला. नखाने रंग खरवडला, खाली गंजाचे खड्डे. आता हे शॉकअप असे असतात की एकाच नळीत तेल आणि नायट्रोजन, मध्ये तरंगता पिस्टन, आणि गॅसचा दाब हवेच्या वीस-पंचवीस पट. त्यामुळे दांडा दाबून सोडला की आपोआप वर आला पाहिजे. नाही आला, तर गॅस गेला. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. ज्याने इतक्या मन लावून रंग दिला, त्याने एकदाही दांडा दाबून पाहिला नसेल? उत्तर एका ओळीत आलं: खाजगी विक्री, माल परत घेतला जाणार नाही. दुरुस्त होतात का, तेही विचारून आलो. होतात, पण दांडा आणि नळी चांगली असेल तर. इथे दोन्ही खाल्लेले. मग एका दुकानाने आगाऊ पैसे घेऊन चार महिने ‘पुढच्या आठवड्यात’ केलं आणि शेवटी हात वर केले. त्यांच्याबद्दल इतकंच पुरे.

तुमचा पत्ता एकाने सांगितला. झाउअरलांडमधलं डोंगरातलं गाव. आयबाखच्या स्प्रिंगा जिथे होतात ते फिनेनट्रोप जवळच, आणि १८७३ साली आउगुस्ट बिल्श्टाइनने जिथे धंदा सुरू केला तो एनेपेटालचा भाग तासाभरावर. मी कोल्हापूरचा, शिरोलीच्या एमआयडीसीजवळ वाढलेला. आमच्या आळीत दर दुसऱ्या घरात फौंड्रीत जाणारा माणूस. तुमच्या गावात लोखंडाचा विषय काढला की लोक रस्त्यात थांबून बोलतात, तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

तुम्ही तळघरातून दोन खोकी आणलीत. कोपरे पिवळे पडलेले, आतला मेणकागद तसाच. मी पाकीट काढायला लागलो तर तुम्ही हातानेच थांबवलंत. दोन्ही शॉकअप बाकावर शेजारी शेजारी उभे केलेत, दोन्ही दांड्यांवर एकेक तळवा ठेवून अंगाचा भार टाकलात आणि एकदम सोडलंत. उजवा सरळ वर आला. डावा निघाला, मध्ये रेंगाळला, आणि मग सावकाश पोचला. फरक किती? दीड-दोन सेकंदांचा. खरं सांगतो, ओपा, मी तो आनंदाने घेतला असता. माझ्या लक्षातही आलं नसतं, निदान पहिल्या वर्षी तरी नाही.

तुम्ही पुन्हा दाबलात. पुन्हा तेच. मग फळीवरून पांढऱ्या रंगाची बाटली काढलीत, बारीक ब्रश घेतलात, चष्मा कपाळावरून खाली ओढलात आणि त्या डाव्याच्या पोटावर तीन रोमन अक्षरं काढलीत: ‘टोट’. मेला. तेही घाईने नाही. शेवटच्या अक्षराची आडवी रेघ वाकडी गेली तर चिंधीने पुसून पुन्हा काढलीत. मी म्हणालो, विकायचा नाहीच तर रंगवायचा कशाला? तुम्ही म्हणालात, माझ्यामागे मुलगा हे सगळं एकगठ्ठा काढून टाकेल, कोणीतरी घेईल, आणि त्याला कोण सांगणार?

ते वाळेपर्यंत आपण दोघे उभे होतो. सात महिन्यांत मी कितीतरी सज्जन बोलणी ऐकली होती. ‘विश्वास ठेवा’, ‘आमच्याकडे असं होत नाही’, ‘ग्राहक आमचा पाहुणा’. तुम्ही यातलं एक वाक्य बोलला नाहीत. ज्याला तुम्ही कधी बघणारही नाही, त्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून तुम्ही ब्रश धुवायचा त्रास घेतलात. आमच्याकडे अशा माणसाला ‘सरळ’ म्हणतात, आणि दुर्दैवाने ते म्हणताना थोडी कीवही करतात. मीही केलीय, कबूल करतो.

त्यानंतर जे केलंत ते तर मी मागितलंच नव्हतं. ताडपत्रीखालच्या तुमच्या स्वतःच्या ई-३० साठी ठेवलेली जोडी काढलीत. दाबलीत, सोडलीत. दोन्ही दांडे बरोबर वर आले, जणू एकाच दोरीने ओढलेले. ‘तुमच्या गाडीचं काय?’ म्हटलं, तर म्हणालात, ‘मी बेकरीपर्यंत जातो. तेवढ्याला जुने पुरतात.’

पैशांचा भाग आठवला की अजून हसू येतं. खोक्यातली जुनी पावती युरोआधीच्या ३४० जर्मन मार्कांची. तुम्ही पेन्सिलीने १.९५५८३ ने, म्हणजे एका युरोला ठरलेल्या मार्कांच्या दराने, भागाकार मांडलात, तोही पाठ असलेल्या आकड्याने, आणि १७३ युरो ८४ सेंट मागितलेत. त्यातलं चार सेंटांचं चिल्लर माझ्याकडे नव्हतं. तुम्ही ‘राहू दे’ म्हणाला नाहीत. मी गाडीतल्या सीटखाली हात घालून दोन सेंटांची दोन नाणी शोधून आणली.

शॉकअप बसले. गेल्या गुरुवारी त्याच तपासनिसाने गाडी उचलली, त्याच दोन बोटांनी स्प्रिंग धरली. हलली नाही. त्याने दुसऱ्या बाजूची धरली. तीही नाही. या खेपेलाही बोलला काहीच नाही, फक्त शिक्का मारला.

एक राहिलं. तुमच्या बाकावर तो उजवा शॉकअप एकटाच उरलाय, चांगला असून जोडीदाराविना. त्याच्यावर कोरलेला नंबर मी निघताना हातावर लिहून घेतला होता. शोधतोय. मिळाला की आधी टेबलावर उभा करून दांडा दाबून बघीन, आणि मगच घेऊन येईन. सुटे सेंट या वेळी खिशात असतील.

तुमचा,
शिरोलीचा पाहुणा