ताई, खोका कुठून धरता हे तुम्ही विचारलंत

ताई, नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. आमच्या स्टोअरमध्ये बारकोड बसवायला तुमच्याआधी जे येऊन गेले त्यांच्याबद्दल मी चारचौघांत भरपूर बोललोय, तेव्हा तुमच्याबद्दलही चारचौघांतच सांगायला हवं.

गाड्यांच्या डीलरशिपमध्ये येणाऱ्याला शोरूम दिसते, फार तर वर्कशॉप दिसतं. मागच्या दाराशी सुट्या भागांचा माल उतरतो तिकडे कुणी फिरकत नाही. एकाच खेपेत क्लिपांच्या पाकिटापासून अख्ख्या बंपरपर्यंत सगळं येतं. डाव्या आणि उजव्या आरशाच्या पार्ट नंबरात शेवटच्या एखाद्या आकड्याचाच काय तो फरक. त्यात कंपनी मध्येच जुना नंबर बंद करून त्याच वस्तूला नवा देते. एकाने नंबर ओरडायचा, दुसऱ्याने पॅकिंग लिस्टवर टिक करायची आणि तिसऱ्याने रात्री बसून कॉम्प्युटरमध्ये चढवायचा, असं आमचं चालायचं. यात एक आकडा इकडचा तिकडे झाला की पार्ट कॉम्प्युटरमध्ये असतो, रॅकवर नसतो. गाडी लिफ्टवर उघडून ठेवलेली, मेकॅनिक काउंटरवर ताटकळलेला, आणि बोलणी खायला आम्ही स्टोअरवाले. माल कमी आलाय हे इतकं उशिरा कळायचं की कंपनीकडे भरपाई मागायची, म्हणजे क्लेमची, मुदत उलटून गेलेली असायची.

बारकोड आमच्याकडे आधीही आला होता. एका कंपनीची माणसं आली, स्कॅनर दिले, प्रिंटर लावला, साहेबांसमोर प्रात्यक्षिक झालं, फोटो निघाले. वर्कशॉपला चिकटून असलेल्या स्टोअरसाठी त्यांनी दिले काय, तर नुसत्या उष्णतेवर छापले जाणारे साधे कागदी स्टिकर. इथे ऊन येतं, गरम हवा येते, प्रत्येक हाताला तेल असतं. काही स्टिकर काळे पडले, काही इतके फिकट झाले की स्कॅनर नुसता लाल उजेड पाडत बसायचा. गोल फिल्टरवर स्टिकर असा गुंडाळला होता की बारकोडची अर्धी बाजू पलीकडे जायची. तक्रार केली तर उत्तर आलं, "तुमच्या माणसांनाच वापरता येत नाही."

हे आमच्या काकांच्या तोंडावर बोललं गेलं. काका माल उतरवतात, रॅकला लावतात. बेअरिंग नुसतं हातात घेऊन कुठल्या गाडीचं ते सांगणारा माणूस. त्या दिवसानंतर त्यांनी स्कॅनरला हात लावला नाही. वाया गेलेले पैसे साहेब विसरले असतील, मी ते वाक्य विसरलेलो नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

आणि मग तुम्ही आलात. बॅग बाजूला ठेवलीत आणि गाडीतून माल उतरत होता तिथे जाऊन उभ्या राहिलात. बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग काकांना विचारलंत, "काका, खोका उचलताना तुमचा हात कुठे येतो?"

काकांना आधी कळेचना की प्रश्न खरोखर त्यांना आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक खोका उचलून दाखवला, डावा हात खाली, उजवा कोपऱ्याशी. तुम्ही त्यांच्या बोटांच्या वर, बोटं पोहोचणार नाहीत अशा जागी पेनाने एक चौकोन काढलात आणि म्हणालात, "मग लेबल इथे." तेव्हापासून लेबल तिथेच लागतं. हाताचं तेल त्याला लागत नाही आणि रॅकवर खोका ठेवला की ते समोरच येतं.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. लेबलवरची बारीक अक्षरं वाचायला काका ते लांब धरतात हे तुमच्या नजरेतून सुटलं नाही. कुणाला काही न बोलता तुम्ही रॅकचा नंबर लेबलच्या वरच्या अर्ध्या भागात ठसठशीत घेतलात, बारकोड खाली सरकवलात आणि नवं लेबल काकांच्या हातात दिलंत. त्यांनी ते हातभर अंतरावर धरलं आणि मोठ्याने वाचलं, "बी, सात, चार." खोका उचलला आणि थेट त्या कप्प्यात नेऊन ठेवला. ताई, त्या क्षणी मला बोलता येईना, म्हणून मी पॅकिंग लिस्ट चाळत बसलो होतो.

शाईच्या रिबनने छापलेली तेल सोसणारी लेबलं, गोल डब्यावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या येणाऱ्या रेषा, हे सगळं तुम्ही केलंतच. ते जाणकार माणसाचं काम आहे आणि ते चोख झालंय. पण ज्यानं काम करायचं त्यालाच आधी विचारावं, हे शिकवून येत नाही. जाताना तुम्ही काकांना क्यूआर कोडची हकिगत सांगितलीत. जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या लोकांनी तो १९९४ मध्ये काढला, तोही वाहनांच्या सुट्या भागांसाठीच, कारण एकेका खोक्यावरचे अनेक बारकोड स्कॅन करून कामगार थकून जात होते. काका ती हकिगत आता प्रत्येक नव्या पोराला सांगतात. थकलेल्या माणसाचं म्हणणं कुणीतरी ऐकलं आणि त्यातून ही वस्तू झाली, याचं त्यांना फार अप्रूप आहे. मलाही आहे. मोठ्या पदावरची, मोठ्या शब्दांची माणसं खूप पाहिली. समोरच्याला कमीपणा न देता त्याची अडचण दूर करणारी फार थोडी भेटली.

आता माल उतरतानाच स्कॅन होतो, कमी-जास्त तिथेच कळतं आणि क्लेम त्याच दिवशी जातो. रात्री कुणी आकडे चढवत बसत नाही. आवकेचा स्कॅनर काकांच्या ताब्यात आहे आणि ते तो दुसऱ्याला सहज देत नाहीत.

तुमच्या ऑफिसलाही वेगळं पत्र पाठवलंय. त्यात प्रिंटरबद्दल एक ओळ आहे आणि बाकी सगळं त्या पेनाने काढलेल्या चौकोनाबद्दल आहे. काकांनी नमस्कार सांगितलाय. मनापासून आभार, ताई.