केसपेपर तुझ्या नावाचा

लातूर, रविवार

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी तुझा ताप उतरेना म्हणून मी तुला न विचारताच तुमच्या महाविद्यालयाच्या आरोग्य केंद्रात फोन केला, आणि तिथल्या डॉक्टरबाईंनी "ती सज्ञान आहे, तिच्या परवानगीशिवाय तिच्या तपासणीबद्दल मला काही सांगता येणार नाही," असे शांतपणे सांगितले. एकवीस वर्षे परिचारिका म्हणून काढलेल्या बाईला स्वतःच्या मुलीचा ताप किती हे कळू नये, याचा राग मला संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत पुरला. भाकरी थापताना मात्र आमची ओपीडी आठवली. समोर तीस-चाळीस माणसांची रांग असे, आणि केसपेपर लिहिता लिहिता मी पुढ्यातल्या मुलीला "शेवटची पाळी कधी आली?" असे साऱ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत असे. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत ती कुठलीतरी तारीख सांगून मोकळी होई. त्या साऱ्या तारखा खऱ्या असतील असे आता मला वाटत नाही.

डॉक्टरबाईंचे बरोबरच होते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर घातले आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलीस तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ तुझ्या पाठीशी आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या अपवादांखेरीज तिथले बोलणे माझ्यापर्यंतही येणार नाही. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर सोबत स्त्री कर्मचारी हवी, हे संकोच न करता सांग. इंजेक्शन कशाचे आणि कशासाठी, हे टोचण्याआधी विचार, नंतर नव्हे. तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. आपली कागदपत्रे मागितलीस तर ती ७२ तासांत द्यावीत असाही नियम आहे. अर्ज मात्र लेखी दे आणि पोच घे, तोंडी मागणीचे काय होते ते मी आतून पाहिले आहे.

आता तुझ्या बाजूचे. शुक्रवारी तू सहज बोलून गेलीस की केंद्रात जाण्याआधी तू मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातल्या तीन गोळ्या घेतल्या होत्यास, आणि रागावतील म्हणून डॉक्टरांना ते सांगितले नाहीस. तू पाठवलेल्या फोटोत पाकीट मधोमध कापलेले आहे आणि नावाचे फक्त "मायसिन ५००" एवढेच शेपूट शिल्लक आहे. म्हणजे ती अँटिबायोटिक आहे, बाळ. टायफॉइडच्या शंकेने रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, केले आणि पोटात आधीच अशी गोळी गेलेली असली, तर जंतू असूनही वाढत नाहीत, अहवाल कोरा येतो आणि डॉक्टर भलत्याच दिशेने शोधत बसतात. लहानपणी पेनिसिलिनने तुझ्या अंगभर पुरळ उठले होते, तेही दर वेळी कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगत जा आणि केसपेपरवर लाल शाईने लिहून घे. माहिती गुप्त राहण्याचा हक्क घरच्यांपुरता आणि बाहेरच्यांपुरता आहे. उपचार करणाऱ्यापासूनच लपवलेस तर त्या हक्काचा तुला काय उपयोग? रांगेचा कंटाळा आणि काउंटरवरच्या माणसाचा तिरसटपणा यांबद्दल मी काही लिहीत नाही. मीही बराच काळ तो तिरसट माणूस होते.

यापुढे मी केंद्रात परस्पर फोन करणार नाही. अडीअडचणीला मला कळवावे असे तुला वाटत असेल, तर तसे लिहून, सही करून माझा क्रमांक तिथे देऊन ठेव. नसेल वाटत तर देऊ नकोस, मी रुसणार नाही. उद्या पुन्हा दाखवायला जाशील तेव्हा ते अर्धे पाकीट मात्र सोबत ने. मैत्रिणीला उरलेल्या भागाचे नाव विचारून कागदावर टिपून घे, आणि गोळ्या कोणत्या दिवशी, किती वाजता घेतल्यास तेही लिहून ने.

तुझी,
आई