असूया सरसकट नाही, निवडक आहे

वारसा करावरील आपल्या रविवारच्या अंकातील लेखात, लोकांच्या मनात श्रीमंतांविषयी सरसकट असूया असते, असा सूर आहे; तो पटला नाही. निदान पुण्यात ही असूया फार निवडक आहे. १९८१ मध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर याच शहरात सुरू झालेल्या इन्फोसिसच्या संस्थापकांच्या संपत्तीचे आपल्याला कौतुक वाटते, आणि ते रास्तच आहे. मात्र हिंजवडी-वाघोलीकडची जमीन विकून गळ्यात जाड साखळी घालणाऱ्या आणि दारात पांढरी फॉर्च्युनर उभी करणाऱ्या शेतकऱ्याची आपण ‘गुंठामंत्री’ म्हणून टिंगल करतो, तर आजोबांच्या कंपनीचे शेअर आयते मिळालेला वारसदार केवळ साध्या राहणीमुळे आणि सफाईदार इंग्रजीमुळे आदरास पात्र ठरतो. वास्तविक महापालिका हद्दीतील जमीन विकणाऱ्याला, काही सवलती वगळता, भांडवली नफ्यावर कर भरावा लागतो. शेअरच्या वारसाला मात्र ते हाती येताना एक रुपयाही भरावा लागत नाही, कारण १९५३ चा मृत्यूपश्चात मालमत्तेवरील कर १९८५ मध्ये रद्द झाला. (त्या कराचा कमाल दर ८५ टक्के होता, हा अतिरेकच म्हणावा लागेल.) वारसा कराची चर्चा पुन्हा करायचीच असेल, तर राहते घर आणि कसती शेती वगळून ती मोठ्या शेअर-वारशांपासून सुरू करावी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे