ओझोन दिनाची पोस्टरं झाली, आता खालच्या ओझोनचं बघा

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. सप्टेंबर आला की ओझोन दिनाची तयारी सुरू होते, पोरं पृथ्वीच्या डोक्यावर छत्री काढतात, एखादा भाषण ठोकतो, १६ तारखेला फोटो काढून झाला की विषय संपला. त्यात चूक काहीच नाही. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटरवरचा ओझोन अतिनील किरणं अडवतो, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे फ्रीज-एसीतले सीएफसी (ओझोन खाणारे वायू) बंद झाले आणि त्या ओझोन थरातलं भोक हळूहळू भरतंय, हे पोरांना माहीत असायलाच हवं.

पण हाच वायू नाकापाशी आला की छातीत जळजळ, खोकला, दम्याच्या पेशंटचे हाल, हे कुणी सांगतच नाही. आणि गोची अशी की तो कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही, म्हणजे नोटीस तरी कुणाला पाठवणार! गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो, झाला ओझोन. त्यात पेट्रोलची वाफ, थिनर, जळता कचरा यांतले सेंद्रिय वायू मिसळले की तो साठतच जातो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागचं हे गणित हागन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच सोडवलं होतं, तिथे ओझोनने रबराला चिरा पडायच्या, त्यावरून ते ओझोन मोजायचेसुद्धा.

आता आपल्याकडे बघा. एक्यूआयमध्ये (हवा किती वाईट ते सांगणाऱ्या निर्देशांकात) आठ प्रदूषकं धरलीत, ओझोनही आहे, पण हवेचा आकडा दाखवणाऱ्या बोर्डवर झळकतो तो एकच आकडा, जे सगळ्यात वाईट असेल त्याचा, आणि तो मान बहुतेक वेळा धुळीलाच मिळतो. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचं टार्गेटही धुळीचंच, त्यामुळे पालिका पाण्याचे फवारे मारतात आणि झाडणारी मशीनं घेतात. धूळ कमी व्हायलाच हवी हो, पण चीनमध्ये २०१३ नंतर बारीक धूळ झपाट्याने उतरली आणि बऱ्याच शहरांत ओझोन मात्र चढला, ते आपण आधीच बघून ठेवायला नको का?

अजून एक. भर ट्रॅफिकच्या चौकात ओझोन कमीच दिसतो, कारण ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो, आणि वारा जिकडे वाहतो तिकडे शहराबाहेर तो जास्त भरतो, म्हणजे गाड्या शहराच्या आणि त्रास गावाला. गव्हाला तर तो चांगलाच बाधतो, पानांच्या छिद्रांतून आत शिरतो आणि दाणा नीट भरू देत नाही. पण मोजणारी मशीनं बहुतेक शहरातच. गावातल्या शेतकऱ्याला कोण सांगणार?

तर साहेब, मागणं मोठं नाही. मार्च ते मे ओझोनचा तासातासाचा आकडा बोर्डवर वेगळा दाखवा, मराठीत, आणि शेजारी मर्यादाही लिहा (एक घनमीटर हवेत आठ तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅम, एका तासाला १८०, केंद्राने २००९ लाच ठरवून दिलीये). शहरांवरचा वारा ज्या गावांकडे वाहतो तिथे ओझोन मोजणारी थोडी केंद्रं टाका. पेट्रोल पंपांवर वाफ परत ओढणारी यंत्रणा खरंच चालू असते का ते न सांगता जाऊन तपासा, कागदावर सगळीकडे चालूच असणार. आणि शिक्षण खात्याशी बोलून उन्हाळी शिबिरांतले मैदानी खेळ सकाळी घ्यायचं परिपत्रक काढा, कारण दुपारी बारा ते चार ओझोन सगळ्यात जास्त असतो आणि साध्या मास्कने तो अडत नाही, तो वायू आहे, धूळ नाही.

परिपत्रक मार्चच्या आधी निघालं तर बरं, एप्रिलमध्ये शिबिरं सुरू झालेली असतात.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका