लहान पक्षांनी निवडणुकीच्या तोंडावर नाही, आत्ताच एकत्र यावं

संपादक साहेब, नमस्कार,

मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी, अडीच एकर ऊस आहे, यापेक्षा मोठी काही ओळख नाही. लिहायचं कारण असं की आमच्याकडं आता जो तो एकच म्हणतोय, लहान पक्षाला मत म्हणजे मत वाया, एकतर महायुती नाहीतर महाविकास आघाडी. डेअरीवर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. आणि ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण आमच्याच हातकणंगले मतदारसंघानं २००९ ला शेतकरी नेते राजू शेट्टींना स्वतःच्या छोट्या स्वाभिमानी पक्षावर खासदार केलं होतं. "एक व्होट, एक नोट" म्हणत गावोगावी वर्गणी जमली होती, माझ्या वडलांनी पन्नास रुपये दिले होते आणि पैशाची ओढ असूनही आई त्यांना काही बोलली नव्हती.

आता नावाला पक्ष सहा आहेत, तीन इकडं तीन तिकडं, पण प्रत्यक्षात दोनच गट झालेत आणि मतदाराला निवडायला तेवढंच उरलंय. तुम्ही म्हणाल मग बिघडलं काय? एकच उदाहरण देतो, आमच्या पोटाचं. ऊस तुटून गेला की १४ दिवसात एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारनं जीआर काढून ती दोन हप्त्यात द्यायची मोकळीक दिली. त्याच वर्षी सरकार बदललं, महायुती आली, पण जीआर तसाच राहिला. का राहिला हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण माहितीय, दोन्हीकडच्या पुढच्या खुर्च्यांवर कारखानदार आहेत. शेवटी राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो जीआर रद्द केला. म्हणजे विधानसभेत २८८ आमदार असून जे काम झालं नाही ते बाहेर बसलेल्या एका लहान पक्षाच्या माणसाला कोर्टाकडनं करून घ्यावं लागलं. सत्ताधारी आणि विरोधक ज्या प्रश्नावर एकच असतात तिथं आमच्यासारख्याचं कोणीच नसतं, मला लहान पक्ष पाहिजेत ते यासाठी.

पण आता खरं बोलायचं तर लहान पक्षांनी स्वतःचं नुकसान स्वतःच करून घेतलंय. २०१९ च्या लोकसभेला शेट्टी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या बाजूनं उभे राहिले, ज्या कारखानदारांविरुद्ध रस्त्यावर उतरलो त्यांच्यातल्याच काही जणांबरोबर स्टेजवर बसलेलं लोकांना आवडलं नाही, आणि सुमारे ९६ हजार मतांनी पडले. त्याच निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला सव्वा लाखाच्या आसपास मतं मिळाली. ती सगळी शेट्टींना पडली असती असं मी म्हणत नाही, मतं काय पोत्यातनं पोत्यात ओतता येत नाहीत, पण दोघं आधी बसून बोलले असते तर लढत वेगळी झाली असती एवढं नक्की. २०२४ च्या लोकसभेला ठाकरे सेनेच्या मशाल चिन्हावर लढायची अट शेट्टींनी मान्य केली नाही, तिरंगी लढत झाली, पहिल्या दोघांत फरक साधारण १३ हजारांचा आणि शेट्टी पावणेदोन लाखाच्या वर मतं घेऊन तिसरे. वंचितचा उमेदवार तेव्हाही वेगळाच होता.

मग त्याच वर्षी सप्टेंबरात परिवर्तन महाशक्ती ही लहान पक्षांची आघाडी निघाली, शेट्टी, बच्चू कडू, संभाजीराजे, वामनराव चटप असे सगळे. मला खूप आनंद झाला होता. पण विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, दोन महिन्यात गावात कोणाला नाव पण पाठ झालं नाही आणि मोठ्या पक्षांनी तिकीट नाकारलेले लोक उमेदवारी मागायला आले ते वेगळंच. एकही आमदार आला नाही, बच्चू कडू स्वतः अचलपूरला पडले. आमच्या जिल्ह्यात लहान पक्षांचे आमदार आहेत म्हणा, जनसुराज्यचे दोन, शिरोळला राजर्षी शाहू आघाडीचे एक, पण तिघंही महायुतीच्या सोबत. दोन्हीकडच्या मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना पाडून निवडून आले म्हणाल तर सांगोल्याला शेतकरी कामगार पक्षाचे म्हणजे शेकापचे बाबासाहेब देशमुख, आणि त्यामागं गणपतराव देशमुखांनी ११ वेळा आमदार होऊन केलेलं काम आहे.

एकी होतच नाही असं म्हणणाऱ्यांना मी संयुक्त महाराष्ट्र समितीची आठवण देतो. फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात समिती झाली, त्यात प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं होती, तरी १९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली, साताऱ्यातनं क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. मागणी एकच होती आणि ती लोकांच्या मनातली होती. १९९८ ला रिपब्लिकन गट एक झाले, काँग्रेसशी समझोता केला, तर प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, आठवले, कवाडे असे चौघं खुल्या जागांवरून लोकसभेत गेले, आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत परत वेगळे. वंचित आणि एमआयएमनं २०१९ च्या लोकसभेत मिळून साडेसात टक्क्यांच्या आसपास मतं घेतली, औरंगाबादची जागा जिंकली, सहा महिन्यात विधानसभेच्या जागावाटपावरून फुटले. म्हणजे जमतं, पण टिकत नाही, आणि टिकत नाही कारण जागांच्या पलीकडं लिहून ठेवलेलं काही नसतं.

माझं म्हणणं असंय की आधी चार-पाच गोष्टी लिहून काढा. एकरकमी एफआरपी आणि वजनकाट्याची तपासणी घ्या, पण त्याच कागदावर ऊसतोड मजुराची मजुरी पण घ्या. हे मी ऊसवाला असून सांगतोय. बीडकडनं येणारी माणसं आमच्या फडात पाचटाच्या कोपीत पोरंबाळं घेऊन राहतात आणि त्यांच्या दराचा विषय निघाला की आम्ही शेतकरी गप्प बसतो, तोडणीचा खर्च वाढला तर आमच्या बिलातनं जाईल म्हणून. वंचितचा मतदार आणि शेतकरी संघटनेचा मतदार एकाच बांधावर असून लांब का, याचं उत्तर मला वाटतं इथं आहे, त्यात आरक्षणाच्या वादानं गावं अजून दुभंगली. हे समोरासमोर बसून बोलल्याशिवाय नेत्यांनी नुसते हात वर करून फोटो काढले तर मतं येणार नाहीत.

दुसरं चिन्हाचं. वंचितचं चिन्ह कधी कपबशी, कधी कुकर, कधी सिलिंडर, म्हाताऱ्या माणसानं लक्षात काय ठेवायचं? कायमचं चिन्ह मिळायला राज्य पक्षाची मान्यता लागते, त्याला विधानसभेला ६ टक्के मतं आणि २ आमदार, नाहीतर सरळ ८ टक्के मतं असे निकष आहेत आणि ती मतं आघाडीची म्हणून नाही, एकेका पक्षाची मोजतात. तेव्हा निदान काही भागात एकाच नोंदणीखाली लढायची तयारी पाहिजे, अध्यक्ष कोण यावरून भांडत बसायला वेळ नाही. आमची इचलकरंजी २०२२ ला महापालिका झाली, तिथं चार-चार नगरसेवकांचा प्रभाग, एकट्या लहान पक्षाला चार धड उमेदवार मिळत नाहीत आणि पॅनेलवाले पुढं जातात. तिथं तर एकत्र आल्याशिवाय मार्गच नाही.

बी टीम, मतं खाणारे, हे आरोप होणारच. पण माझं मत कोणाच्या मालकीचं नाही, ते कोणी "खाल्लं" असं म्हणणाऱ्याला मी विचारतो की तुम्ही माझ्या उसाचं काय केलं?

जयसिंगपूरला दरवर्षी ऊस परिषद होते. शेट्टी साहेबांना तुमच्या पेपरातनं माझी विनंती आहे, यावर्षी त्या स्टेजवर वंचितच्या, शेकापच्या, कम्युनिस्टांच्या नेत्यांना बोलवा, तोडणी मजुरांच्या संघटनेचा पण एक माणूस बोलू दे, आणि निवडणूक लांब असतानाच बोलवा. आम्ही गावातनं ट्रॉली भरून येतो.

आपला एक वाचक,
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर